गुगलला कुणी सांगितलं?

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर अंतराळाचं काही ना काही रोज येऊन पडतं. २०२३ च्या २३ ऑगस्टला चांद्रयान-३ उतरलं तेव्हापासून तर फारच, आता तो राष्ट्रीय अंतराळ दिवस झालाय ना, त्यामुळे ऑगस्ट लागला की क्विझच्या लिंका सुरू, दहा प्रश्न, टिक करा, नाव टाका, ई-सर्टिफिकेट डाउनलोड करा. पोरांपेक्षा आम्हा मास्तरांकडेच जास्त सर्टिफिकेटं जमलीत. इस्रोचं युविका मात्र खरंच भारी आहे, नववीच्या मुलांना दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शिकता येतं, निवडीत ग्रामीण शाळेतल्या मुलांना वेगळे गुण असतात, पण माझी जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, धुळ्याला लागूनच गाव. नववीत जाईपर्यंत पोरांनी करायचं काय?

आधी डोक्यात शून्य सावली दिवस होता, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो दिवस. पण आमच्याकडे तो येतो मे च्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे सुट्टी, पोरं मामाच्या गावाला. आणि दुसऱ्यांदा येतो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा ढग. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा एकतर शाळा नाही नाहीतर सूर्य नाही, असं आपल्या अर्ध्या महाराष्ट्राचं नशीब आहे.

मग २० मार्च धरला. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, त्यामुळे भरदुपारी तो डोक्यापासून जितके अंश खाली दिसेल तेवढाच आपल्या गावाचा अक्षांश. आभाळ स्वच्छ, शाळा चालू. डीएडचा माझा एक मित्र कोल्हापूरला मास्तर आहे, त्याला फोन लावला, म्हटलं तू तिकडे काठी रोव, मी इकडे रोवतो, दोन्ही कोनांच्या फरकावरून पृथ्वीचा घेर काढू. इरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं, त्याच्याकडे अलेक्झांड्रिया आणि सायीन (आजचं अस्वान), आमच्याकडे धुळं आणि कोल्हापूर. दोन्ही गावं जवळपास एकाच रेखांशावर, नकाशात बघा, कोल्हापूर जरासंच पश्चिमेला. मित्र म्हणाला, "करूया की, पण आमच्याकडं ऊन लई असतंय." खान्देशातल्या माणसाला कोल्हापूरकर ऊन सांगतोय!

मार्चमध्ये शाळा सकाळची, पोरं खिचडी खाऊन घरी पळायला बघतात. त्यात सूर्य काही बाराला डोक्यावर येत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आणि आपण बसलोय पावणेपंच्याहत्तरवर, वर २० मार्चच्या सुमारास सूर्य अजून सात-साडेसात मिनिटं उशीर करतो, म्हणजे धुळ्याला खरी दुपार होते १२ वाजून ३८ मिनिटांनी. तोवर पोरांना थांबवायचं कसं हा खरा प्रश्न होता, पण सातवीची झाडून सगळी थांबली. एकाचे वडील गवंडी आहेत, तो घरून ओळंबा घेऊन आला आणि एक मीटरची सळई सरळ उभी आहे का हे त्याने ज्या ऐटीत तपासलं ना, वर्गात गणितात गप्प बसणारा पोरगा त्या दिवशी सगळ्यांना ओरडत होता, "हात लावू नका रे."

सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण. "सावली सरकी ऱ्हायनी सर!" असं एकाने ओरडून सांगितलं तेव्हा बाकीचे हसले, पण मग सगळेच वाकून बघायला लागले. टोकावरून भांडणं झाली, कारण टोक धूसर असतं. सूर्य काही ठिपका नाही, अर्धा अंश रुंद थाळी आहे, त्यामुळे सावलीची कड सेंटिमीटरभर विरघळलेली दिसते, एकजण म्हणतो ३८, दुसरा म्हणतो ३९. शेवटी सगळ्यात आखूड खूण साडेअडतीस सेंटिमीटरवर ठरली. दोन मिनिटांनी कोल्हापूरहून व्हिडिओ कॉल, "आमची तीस पॉइंट दोन बघ, आणि बारा चाळीसला." दोन मिनिटं उशीर का, हे आमच्यातल्याच एका पोरीने सांगितलं, त्यांचं गाव पश्चिमेला म्हणून.

सातवीला त्रिकोणमिती नाही, त्यामुळे व्हरांड्यातच खडूने खरोखरचा एक मीटर उंच त्रिकोण काढला आणि कोनमापक लावला. आमचा कोन २१ अंश, त्यांनी तिकडे असाच काढला तो १७. फरक ४. पूर्ण वर्तुळात चार अंश नव्वद वेळा बसतात. मी मोबाईलवर गुगल मॅप उघडून उत्तर-दक्षिण अंतर मोजलं, साधारण ४६७ किलोमीटर. ४६७ गुणिले ९० म्हणजे ४२,०३०. खरा घेर ४०,००० च्या जरासा वर. सळई आणि ओळंब्याने काढलेलं उत्तर पाच टक्क्यांत! तिकडे मित्र, इकडे मी, दोघेही बोर्डात पहिले आल्यासारखे खूश.

आणि तेवढ्यात तीच मघाची पोरगी, कपाळाला आठ्या, "सर, पण हे ४६७ गुगलला कुणी सांगितलं?"

म्हटलं, सॅटेलाइटवरून वगैरे.

"म्हणजे त्यांना पृथ्वी केवढी ते आधीच माहिती होतं ना? त्याच्यावरूनच त्यांनी अंतर काढलं असेल. मग आपण काय मोजलं?"

मी इतकी वर्षं शिकवतोय, हा प्रयोग बाकीच्या शाळांनी केलेलाही वाचलाय, पण हे कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. गुगलचं अंतर अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची त्रिज्या यावरूनच निघतं, म्हणजे उत्तर आधीच खिशात घालून आम्ही गणित सोडवत होतो. कॉल चालूच होता, तिकडे मित्र म्हणाला, "लेका, पोरगीनं पकडलं की आपल्याला."

मग अंतर मोजायचं कसं यावर वर्गात जी चर्चा सुरू झाली ती थांबेचना. एकाचे काका एसटीत ड्रायव्हर, त्यांना फोन. ते म्हणाले रस्त्याने पावणेसहाशे धर. ५७५ गुणिले ९०, ५१,७५०. हे जास्त का आलं? कारण एसटी पुण्यावरून वळसा घालून जाते. मग मी सांगितलं की इरॅटोस्थेनिसचीही यातून सुटका नव्हती, त्याचं अलेक्झांड्रिया ते सायीन अंतर ५,००० स्टेडिया (ग्रीकांचं लांबीचं माप), तेही कुणीतरी जमिनीवरून जाऊनच मोजलेलं, असं म्हणतात. आणि आपल्या देशात १८०२ साली विल्यम लॅम्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळी पुन्हा पुन्हा टाकत साडेसात मैलांची एकच रेष मोजली, आणि मग त्या रेषेवर त्रिकोणावर त्रिकोण चढवत फक्त कोन मोजत वर उत्तरेकडे निघाला, कारण त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की बाकीच्या बाजू गणितानेच निघतात. तो वाटेतच वारला, १८२३ मध्ये, आपल्या हिंगणघाटला. कबर तिथेच आहे. हिंगणघाट म्हटल्यावर पोरांना एकदम तो माणूस खरा वाटला, मद्रासपर्यंत नव्हता वाटला.

तोवर दीड वाजून गेला होता, आयाबाया गेटवर येऊन उभ्या. मुख्याध्यापकांनी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, पहिला रिप्लाय आला, "याचं सर्टिफिकेट कुठे मिळेल सर?"

घरी जाऊन मी साईंटिफिक कॅलक्युलेटरवर टॅनचं उलटं बटण, म्हणजे सावलीवरून कोन काढणारं, दाबलं तर फरक ४.२६ अंश निघाला आणि घेर साडेएकोणचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे पोरांची सावली कोनमापकापेक्षा चोख होती. पण ते अंतर अजून गुगलचंच. दुसऱ्या दिवशी ती पोरगी सायकलच्या चाकाला खडूची खूण करून आली होती, चाकाचा घेर दोरीने मोजून वहीत लिहिलेला. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तेवढं सायकलवर शक्य नाही हे तिलाही कळतं, म्हणून आता असं ठरतंय की सरळ उत्तर-दक्षिण जाणारा रस्त्याचा एखादा तुकडा शोधायचा, तेवढाच चाकाने मोजायचा, आणि तिथून पुढे लॅम्टनसारखे त्रिकोण. कोन मोजायचं यंत्र नाही, गवंड्याचा पोरगा म्हणतो पाईप आणि कोनमापकाचं बनवू.

२३ सप्टेंबरलाही सूर्य तिथेच असतो, पण पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे पुढचा मार्चच. नगर, सातारा, कराड, सांगली, या पट्ट्यात कुणी मास्तर किंवा मॅडम असाल तर २० मार्चला साडेबारापासून एक मीटरची काठी उभी करा आणि सगळ्यात आखूड सावली किती ती कळवा, मधले बिंदू मिळाले तर पोरांना आलेख काढता येईल. फक्त ओळंबा लावा.