कंबरेखालचा वार : लंडनमधला एक दिवस

निवडणुका आल्या की 'कंबरेखालचे वार' पेपरात रोज भेटतात. कुणी विरोधकाच्या घरच्यांवर किंवा आजारपणावर घसरला, की तो वार कंबरेखालचा. बॉक्सिंगमध्ये कंबरेखाली हात घालायला बंदी करणाऱ्या माणसाची समाधी लंडनला आहे. ती बघायचीच, हे मी निघण्याआधीच ठरवलं होतं.

वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमध्ये सगळी गर्दी राजेराण्यांच्या आणि कवींच्या समाध्यांपाशी. मी मात्र पश्चिमेकडच्या ओवरीत गेले. तिथे जमिनीत जॉन ऊर्फ जॅक ब्रॉटनची शिळा आहे. हा १७८९ साली गेला. नावाखाली तो इंग्लंडचा अजिंक्य मुष्टियोद्धा होता असं कोरायचं होतं, पण ॲबीचे प्रमुख असलेल्या डीनसाहेबांना ते रुचलं नाही. ती जागा कोरीच राहिली, ती थेट १९८८ पर्यंत! मला याचा फार राग आला, कारण त्या रांगड्या खेळात माणुसकी आणली ती याच माणसाने.

१७४१ मध्ये त्याच्याशी लढलेला जॉर्ज स्टीव्हन्सन पुढे जखमांनी दगावला आणि त्यामुळेच ब्रॉटन नियमांकडे वळला, असं सांगतात. १६ ऑगस्ट १७४३ ला ब्रॉटनचे सात नियम ठरले. शेवटचा असा : पडलेल्याला मारायचं नाही, मांडीला, तुमानीला किंवा कंबरेखाली कुठेही धरायचं नाही, गुडघ्यावर आलेला पडलेलाच समजायचा. म्हणजे तेव्हा बंदी होती ती धरण्यावर. त्या काळी ठोशांबरोबर कुस्तीसारखी पकडही चालायची. कंबरपट्ट्याखालचा ठोसा फाऊल, हे स्पष्ट लिहिलं गेलं १८३८ च्या नियमांत.

ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या टोकाला हॅनवे स्ट्रीट नावाची वाकडी बोळ आहे, तिच्या आसपास ब्रॉटनचा आखाडा होता. आता तिथे त्याची काही खूण दिसत नाही.

संध्याकाळी बेथनल ग्रीनच्या यॉर्क हॉलमध्ये लढती बघितल्या. बॉक्सिंगचं हे जुनं घर, १९२९ सालचं. एकाने शॉर्ट्स बेंबीच्या पार वर ओढलेली. अंग जितकं झाकलं तितकी मार खायची जागा कमी! रेफरीने पट्ट्यावर बोट ठेवून दोघांना हद्द दाखवली. तरी तिसऱ्या फेरीत एक ठोसा खाली गेलाच. रेफरी मध्ये पडला, लढत थांबली. लागलेला गडी दोरांना टेकून श्वास घेत होता, आणि तो सावरेपर्यंत मारणाऱ्याला कोपऱ्यात उभं राहावं लागलं.