आठ आण्याएवढा ठिपका

शुक्रवारी काकांनी त्यांच्या ब्रुनोला माझ्याकडे आंघोळीला आणलं तेव्हाच त्याच्या छातीवरचा पांढरा ठिपका मला दिसला होता. जुन्या आठ आण्याएवढा. बाकी अंग कोळशासारखं काळं, पाणी टाकलं तरी कातडीपर्यंत पोचायला वेळ लागावा असा दाट कोट, बुंध्याशी जाड शेपूट. लॅब्रेडोर असावा तर असा. ठिपक्याबद्दल मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. लॅब कसा असावा हे सांगणाऱ्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 122 नंबरच्या, सरळ लिहिलंय की छातीवर लहान पांढरा ठिपका चालतो. इतकी वर्षं लॅब पाळणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणारच, असं मी धरून चालले. चूक म्हणाल तर माझी एवढीच. की एवढीच नाही, ते पुढे येईल.

लॅबला तसं करायचं काय असतं? नखं, कान, शेपटीच्या टोकाचे केस पिळून जरासे कापायचे, झालं. खरी हमाली टेरियरची. रविवारी पुण्यातल्या डॉग शोच्या मैदानावर सकाळी सहापासून मी एका वेस्टीच्या, म्हणजे लहानशा पांढऱ्या टेरियरच्या, मागे होते. पांढरा कुत्रा आणि दवाने भिजलेली लाल माती, म्हणजे पायांची वाट लागलेली. पुसायचे, पावडर चोपडायची, सुकली की ब्रशने झाडायची.

नियमाचं म्हणाल तर एफसीआयचं पुस्तक फार कडक आहे. शोच्या मैदानावर फक्त ब्रश आणि कंगवा. टेबलाला कुत्रा गरजेपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवायलासुद्धा मनाई. प्रत्यक्षात आमच्या मांडवात पाच मिनिटं उभे राहा, स्प्रेने शिंका येतील. सगळे बघतात, कुणी बोलत नाही.

आठच्या सुमारास काका ब्रुनोला घेऊन आले. "ताई, एकदा हात फिरवा." छातीवर ब्रश नेला आणि थांबले. ठिपका गायब. नाक जवळ नेलं तर कलपाचा वास.

"काका, हे काय केलंत?"

"मागच्या शोला त्या जजने नेमकं तिथंच बोट लावलं होतं. आम्ही दुसरे आलो."

"अहो, तो ठिपका चालतो. रंग नाही चालत."

काकांनी आजूबाजूला बघितलं. "हळू बोला. आता झालंय ना?"

मी केस बाजूला करून पाहिलं. खालची कातडी लालसर झाली होती. माणसांच्या कलपात पीपीडी नावाचं रसायन असतं, ते कित्येक माणसांनासुद्धा सोसत नाही. त्यात काकांनी तो नीट धुतलाच नव्हता, रंग उतरेल या भीतीने नुसता फडक्याने टिपला होता. म्हटलं, नाव मागे घ्या, आत्ता धुऊन टाकू. ऐकलं नाही. मी शोच्या सेक्रेटरीकडे गेले असते तर? गेले नाही. गिऱ्हाईक होतं. वेस्टीकडे वळले.

लॅबच्या रिंगमध्ये जजबाई बेंगळुरूच्या होत्या. दात बघितले, खांदे चाचपले आणि छातीच्या हाडाचा अंदाज घ्यायला हात खाली नेला. तोवर ऊन चढलं होतं, ब्रुनोची लाळ छातीवर गळत होती. बाईंचा हात बाहेर आला तो तीन बोटं काळी. त्यांनी पर्समधून पांढरा रुमाल काढला, छातीवरून एकदाच फिरवला आणि काकांसमोर धरला.

"माती आहे, मॅडम," काका म्हणाले. लाल मातीच्या मैदानात उभं राहून!

मग विचारणा झाली, ग्रूमिंग कुणी केलं? काकांनी मांडवाकडे बोट दाखवलं. रिंगमधला मदतनीस, स्टुअर्ड, मला बोलवायला आला तेव्हा वेस्टीचे उजव्या बाजूचे दोन पाय झाले होते. तशीच धावले.

"मॅडम, शुक्रवारी आंघोळ मी घातली, पण रंग माझा नाही. हे बघा हात." आणि मी दोन्ही हात पुढे केले.

कोपरापर्यंत पांढरे. नखांतसुद्धा पावडर.

बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं, मग स्वतःच्या काळ्या बोटांकडे. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, किंवा मला तसं वाटलं. मला काहीच बोलल्या नाहीत. वहीत लिहिलं, ब्रुनोला रिंगबाहेर काढलं आणि जाता जाता काकांना हिंदीत एवढंच सांगितलं की तो ठिपका तसाच ठेवला असता तर त्यांनी याला पहिला काढला असता.

काका माझ्याशी बोलले नाहीत. पण मैदानाच्या नळावर ब्रुनोला घेऊन गेले तेव्हा शांपू मागायला त्यांनाच यावं लागलं. मी सोबत गेले. पहिल्या दोन तांब्यांना काळं पाणी, मग राखाडी, मग स्वच्छ. ठिपका मात्र काळाच राहिला, मुरलेला रंग असा जात नाही. ब्रुनो मजेत होता, शेपटीने आम्हा दोघांना भिजवत होता. मी म्हटलं, उद्या डॉक्टरांना कातडी दाखवा.

"आणि रंग?"

"नवे केस येईपर्यंत तसाच."

मांडवात परतले तर वेस्टीच्या मालकीणबाई घायकुतीला आलेल्या. "ताई, डावे दोन राहिलेत, टेरियरची रिंग सुरू होतेय!" एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल, असा तो टेबलावर उभा. मी मांडवाच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि पफ उचलला.