राखाडी कौलांची गाडी आली नाही

१५ मे २०२१, शनिवार. दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळच्या एका वाडीत, ज्या घराचे छप्पर आठवडाभरापूर्वी माझ्याच देखरेखीखाली पूर्ण उतरवले होते, त्या घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सकाळी सहा वाजता मी उभा होतो. आदल्या दिवशी, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधून, नवे आढे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे लांब लाकूड, चढवून त्याला नारळ आणि आंब्याच्या पानांचा टाळा बांधला होता. वासे बसले होते, त्यांवरच्या कौले टेकवायच्या आडव्या पट्ट्या, रिपा, याही बहुतेक ठोकून झाल्या होत्या. कौल मात्र एकही नव्हते. आणि अरबी समुद्रात चक्रीवादळ उठल्याची, ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकणार असल्याची बातमी रात्रीच आली होती. हर्णैच्या होड्या आसऱ्यासाठी खाडीत शिरू लागल्या होत्या.

जुन्या घरांची दुरुस्ती हे माझे बावीस वर्षांचे काम आहे. कौले दारात उतरल्याशिवाय छप्पर उघडायचे नाही, हा नियम मी त्यात कटाक्षाने पाळत आलो होतो. त्या मे महिन्यात तो मी मोडला, आणि तो मोडला गेला तो कौलाच्या रंगापायी.

या घराला ३ जून २०२०च्या 'निसर्ग' वादळाने जबर तडाखा दिला होता. मागच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर, आंब्याची फांदी कोसळली, पुढच्या वळचणीची, खालच्या कडेची, कौले वाऱ्याने उचलून बागेत फेकली. त्या वर्षी गावोगावी एकाच वेळी कौले हवी होती आणि ती मिळत नव्हती. अनेकांनी नाइलाजाने पत्रे घातले. या घरातल्या काकींनी अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. परिणामी भिंतीवर टेकलेली वाशांची टोके कुजली आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळेच छप्पर नव्याने करणे भाग पडले.

रंगाचा प्रश्न तिथून सुरू झाला. काकींचा मुलगा मुंबईला असतो. टाळेबंदीमुळे त्याला येता येत नव्हते, म्हणून सगळा विचारविनिमय फोनवर आणि छायाचित्रांवर चालला होता. त्याला गडद राखाडी रंगाची कौले हवी होती. काकींना कौलेच नको होती. "दर वर्षी शाकारायला माणूस शोधा, आणि माकडं दोन दिवसांत पुन्हा फोडणार. लाल पत्रा घाला, सुटेन मी," असे त्या मला स्पष्ट म्हणाल्या होत्या, आणि त्यांचे म्हणणे मला आजही चुकीचे वाटत नाही. छप्पर रोज सांभाळायचे असते ते घरात राहणाऱ्यालाच.

माझे मत साध्या, न रंगवलेल्या मातीच्या कौलाच्या बाजूने होते. मंगलोरी कौलाचा तांबडा रंग वरून दिलेला नसतो. मातीतले लोह भट्टीत भरपूर हवा मिळून भाजले की तांबडे होते, आणि म्हणून तो रंग कौलाच्या आरपार असतो. कोपरा उडाला तरी आतून तोच निघतो. आपल्या जांभ्याच्या भिंतींचा तांबडेपणाही लोहाचाच आहे, त्यामुळे तशी भिंत आणि तसे कौल एकमेकांना शोभतात यात नवल नाही. राखाडी नमुन्याच्या कडेवर मी खिळा ओढला तेव्हा खाली तांबडी माती दिसली. भट्टीत भाजून पक्की केलेली झिलई वेगळी आणि कौलावर फवारलेला रंग वेगळा. वरची बाजू अशी रंगाने बंद केली तरी खालची उघडीच राहते. तिथून कौल ओल पिते आणि ती ओल रंगाला आतून ढकलते. काही वर्षांपूर्वी एका घरमालकाच्या आग्रहाखातर मी नव्या कौलांना तैलरंग दिला होता, आणि दुसऱ्याच पावसाळ्यानंतर त्याचे पोपडे अंगणात पडलेले पाहिले होते. दुपारी दोन वाजता पडवीवर राखाडी आणि साधे कौल शेजारी ठेवून दोन्हींच्या खालच्या बाजूला हात लावला, तर राखाडी कौलाला तळहात टेकवून ठेवता येत नव्हता. हे सगळे मी मुलाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि राखाडीच कायम ठेवले. घर त्यांचे, पैसा त्यांचा. मी मागणी नोंदवली. गाडी दोन दिवसांत निघेल असा शब्द मिळाला, पावसाळा तोंडावर होता, आणि मी छप्पर उघडले. गाडी निघालीच नाही.

त्या सकाळी ताडपत्री बांधून वादळाला सामोरे जावे असाही एक विचार पुढे आला, पण मागच्या वर्षी ताडपत्र्यांचे काय झाले ते सर्वांनी पाहिले होते. मिस्त्री बागेच्या कडेला रचलेल्या जुन्या कौलांच्या चळतीकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, हीच चढवू. नवी येवोत न येवोत."

उतरवलेली कौले सुमारे सव्वीसशे होती. एकेक कौल दोन किलोंहून जड, म्हणजे पाच टनांहून अधिक माती दिवसभरात हातोहात वर जायची होती. वाडीतली वीस-बावीस माणसे न बोलावता आली. बायकांनी नारळाच्या सोडणांनी घासून शेवाळ काढायला सुरुवात केली. मिस्त्री खळ्यात मांडी घालून बसले आणि प्रत्येक कौल डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवू लागले. खणखणीत वाजले ते उजवीकडे, बद्द वाजले ते डावीकडे. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते, हे मला माहीत होते. पण त्या दिवशी ते दोन हजारांहून अधिक वेळा ऐकले. पाचशेच्या आसपास कौले बाद झाली.

तूट भरून काढणे सोपे नव्हते. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडाथोडा फरक असतो. एका कौलात तो नजरेला येत नाही, पण चाळीस कौलांच्या ओळीत साठत जातो आणि खाचेत खाच बसेनाशी होते. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यानंतर तिथे असे अनेक कारखाने उभे राहिले, आणि त्यांची कौले गलबतांतून किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत असत. त्यामुळे एकाच वाडीत दोन-तीन छापांची कौले सापडतात. पोरे घरोघरच्या परसात जाऊन पडून असलेली कौले उलटी करून छाप वाचत होती आणि जुळणारी तेवढी आणत होती. तरीही शंभरेक कमी पडली. शेवटी मागच्या पाख्याचा एक कोपरा दुसऱ्या छापाच्या कौलांनी भरला.

वाऱ्याचा जोर छपराच्या मध्यभागापेक्षा कडांना अधिक उचलतो, म्हणून वळचणीच्या दोन ओळी, आढ्याखालची ओळ आणि दोन्ही बाजूंच्या कडा यांतले प्रत्येक कौल पाठीमागच्या भोकातून तार ओवून रिपेला बांधले. रात्री साडेनऊला बॅटरीच्या उजेडात शेवटची ओळ बसली. कोने, म्हणजे आढ्यावरची कौले, रविवारी सकाळी सिमेंटमध्ये बसवले, आणि सिमेंटला पकड यायला पुरेसा वेळ नव्हता म्हणून त्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या.

'तौक्ते' वादळ रविवारी रात्री आणि सोमवारी समुद्रातून पुढे गेले. मी त्या रात्री काकींच्या ओटीवरच होतो. वाऱ्याबरोबर वासे करकरत आणि कौले एकमेकांवर दातांसारखी वाजत. सोमवारी दुपारी मोजले, तर नऊ कौले गेली होती, आणि दोन छाप जिथे जोडले होते तिथे माजघराची भिंत ओली झाली होती. बाकी घर कोरडे होते.

मुलगा दिवाळीत आला. तोवर पावसाने धुतलेल्या पाख्यावर नारिंगी, विटकरी, काळपट अशा सगळ्या छटा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. तो बराच वेळ खळ्यात उभा राहून वर पाहत होता. राखाडी कौलांची मागणी त्याने रद्द केली. कारण सांगितले नाही, मीही विचारले नाही.

माकडांचा त्रास मात्र गेला नाही. पुढच्या मे महिन्यात मागच्या पाख्याची कौले उतरवून खाली पत्रा आणि त्यावर पुन्हा तीच कौले असे काम ठरले, म्हणजे कौल फुटले तरी पाणी आत येऊ नये. पत्रा कोणत्या रंगाचा आणू, असे मी काकींना विचारले.

"जो आधी दारात येईल तो," त्या म्हणाल्या. "आणि आल्याशिवाय कौलाला हात लावू नका."