गोचीड: पावसाळ्यानंतरची नोंद

मंडळी, पाऊस उघडला आणि गोचिडांचा जोर वाढला. आमची खिलार आणि संकरित गाय एकाच दावणीला असतात. खिलारीच्या अंगावर चार-दोन, तर संकरितेच्या कासेजवळ, जांघेत, कानात, शेपटीच्या बुडाशी नुसते घोस लागलेत. देशी जनावरात गोचिडाचा प्रतिकार उपजतच जास्त असतो, ते रोज डोळ्यांना दिसतंय.

यंदा एक फुगलेली मादी, भुईमुगाच्या दाण्याएवढी, काचेच्या बाटलीत जाळीचं झाकण लावून ठेवली. सुरुवातीला नुसती पडून होती. मग तोंडाजवळून तपकिरी, चकचकीत अंडी एकेक निघू लागली आणि तिच्या पुढ्यात ढीग झाला. प्रत्येक अंड्यावर ती मेणाचा थर चढवते, म्हणून ते सुकत नाही. अंडी संपली तशी ती सुरकुतून मेली. अशी एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. त्यातून निघालेली सहा पायांची पिल्लं गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून बसतात. जनावराचा श्वास आणि ऊब त्यांना त्या पायांनीच कळते. जनावर मिळालं नाही, तर न खाता महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून माझं ठाम मत झालंय: अंगावर दिसतात ते थोडे, खरी फौज जमिनीत आणि भिंतीत असते.

जातीप्रमाणे डावही बदलतो. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या जातीची पिल्लं एकाच जनावरावर साधारण तीन आठवड्यांत मोठी होऊन गळतात. हायलोमा ही दुसरी जात; तो मात्र मध्येच उतरून भिंतीच्या भेगांत कात टाकतो, आणि थायलेरिया या रक्तातल्या परजीवीचा, जनावरांना होणारा गोचीड ताप तोच पसरवतो. त्यामुळे आधी भेगा बुजवल्या, चुना मारला, गव्हाणीखालचा कचरा उपसला. पेंढा लांब नेऊन कोपऱ्यांवरून फ्लेम गनही फिरवली.

अंगासाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची औषधाची कृती वापरतोय: लसणाच्या 10 पाकळ्या, वेखंड 10 ग्रॅम, हळद 20 ग्रॅम, आणि कडुलिंबाचा पाला, निंबोळ्या, घाणेरीची पानं, तुळस प्रत्येकी मूठभर. सगळं वाटून 1 लिटर पाण्यात कालवायचं, गाळायचं, आणि ऊन असताना फडक्याने अंगभर पुसायचं. तेच भेगांतही मारायचं. आठवड्यातून एकदा, आणि गोचीड हटेपर्यंत सोडायचं नाही. कडुलिंबाचा गुण हळूहळू येतो. तो गोचिडाचं खाणं, कात टाकणं आणि अंडी घालणं बिघडवतो. दुसऱ्या दिवशी अंगावर गोचीड दिसले म्हणून औषध फुकट गेलं असं समजू नका. संकरितेच्या कानातले आता विरळ झालेत, कासेजवळ अजून आहेत.

तंबाखूचा काढा कुणी सुचवला तरी लावू नका, निकोटीन कातडीतून शोषलं जातं. सीताफळाच्या बियांची पूडही नको, डोळ्यांत गेली तर फार इजा करते. उपटलेले गोचीड नखाने चिरडू नका. क्रायमिन-काँगो ताप हा माणसाला होणारा विषाणूचा आजार गोचिडांच्या चाव्यातून पसरतो, तसाच चिरडलेल्या गोचिडातूनही होऊ शकतो. हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात टाका. कोंबड्या गोठ्यात सोडल्यात, गळून पडलेल्या माद्या त्या मन लावून टिपतात.

पुढे मेटारायझियम ही बुरशी गव्हाणीमागच्या ओलसर, सावलीच्या पट्ट्यात संध्याकाळी फवारणार आहे. ती गोचिडाच्या कातडीतून आत शिरते, पण उन्हात टिकत नाही. चुन्याच्या भिंतीपासून तो पट्टा मी मुद्दाम लांब ठेवलाय. कुणी गोठ्यात वापरली असेल, तर फवारणी किती दिवसांनी पुन्हा केली ते जरूर कळवा.