बार्शीत घर बांधताना: झाकण्याआधी बघून घेतलेलं काम

घर बांधून झालं म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चौरस फुटाला काय पडलं?" मी त्यांनाच उलट विचारतो, मोजलं काय ते आधी सांगा. कारण दर हा अर्धाच आकडा आहे. आमचं घर नकाशावर ११५० चौरस फुटांचं. एका ठेकेदाराचा दर बाकीच्यांपेक्षा दीडशे रुपयांनी कमी होता, पण तो स्लॅब मोजणार होता. म्हणजे बाहेर आलेली प्रोजेक्शनं, पोर्च आणि जिन्यावरची टोपी, सगळं पूर्ण दरानं. मोजून बघितलं तर १३८० चौरस फूट भरत होतं. दुसऱ्याचा दर जास्त होता, पण तो भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंतच मोजणार होता आणि पोर्च निम्म्या दरानं धरणार होता. हिशोब मांडला तर दुसराच स्वस्त निघाला. पॅरापेट (गच्चीचा कठडा), पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, पायऱ्या, ओटा यातलं काय दरात आहे आणि काय बाहेर, हे आम्ही एका कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घेतल्या. त्या कागदाला करारनामा म्हणण्याइतकी ऐट नव्हती, साधी दोन पानं होती. पण पुढं वाद होण्याची वेळ आली तेव्हा तीच दोन पानं कामाला आली.

आमचं जुनं घर बार्शीच्या जुन्या भागातलं, माळवदाचं. लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात गार, पण दर पावसाळ्याआधी माती टाकायची आणि तरी कुठंतरी गळायचंच. आईचा मात्र खरा राग त्या वजनावर होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडंही भांडी पडली होती. तिकडं दगडमातीच्या जाड भिंती आणि जड छपरांखाली माणसं गेली हे तिनं ऐकलं, मग नंतर बघूनही आली. त्यामुळं प्लॉटवर बांधायचं ठरलं तेव्हा तिची एकच अट होती, "फरशी साधी घाला, पण लोखंडात हात आखडू नका."

मी नोकरीला पुण्यात, आबा बार्शीत. रोज साईटवर जाणं मला शक्य नव्हतं. नकाशा काढणारे इंजिनिअर जुन्या वळणाचे. ते म्हणाले, "रोज येऊन काय करणार? वाळूचा ढीग बघणार? तुम्ही काम झाकायच्या आदल्या दिवशी या." पुढचं सगळं वेळापत्रक मी या एका वाक्यावर बसवलं. खड्डा भरण्याआधी, काँक्रीट पडण्याआधी, गिलाव्याआधी, फरशीआधी. एकदा झाकलं की आत काय आहे हे फक्त ठेकेदाराला माहीत असतं, आणि वर्षभरानं त्यालाही आठवत नाही.

कागदांबद्दल थोडक्यात सांगतो. प्लॉट मंजूर लेआउटमधला आणि बिनशेती होता, म्हणून निम्मी कटकट वाचली. तरी खुणांचे दगड जागेवर नव्हते, म्हणून भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा घेतला. शेजाऱ्यांना नोटीस जाते, ते हजर राहतात, त्यांच्या समक्ष खुणा होतात. शेजाऱ्यांशी गोडी आहे तोवरच हे उरकून घ्यावं. नगरपरिषदेची परवानगी इंजिनिअरनं ऑनलाइन भरली. २०२० साली आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत लहान प्लॉटसाठी सोपी वाट आहे. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला पूर्ण छाननीच्या फेऱ्यांतून जावं लागत नाही. पण सोपी वाट म्हणजे सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडायचं नाही असं नव्हे. विकास शुल्काबरोबर बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकरही भरावा लागतो. हा आकडा अंदाजपत्रकात बहुतेक जण धरत नाहीत. महावितरणकडून बांधकामासाठी तात्पुरतं कनेक्शन घेतलं. त्याचा दर घरगुती नसतो, हेही आधीच ध्यानात घ्यावं.

आता पाया. आमच्या भागात खरा खर्च जमिनीखाली होतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात प्लॉटला मनगट जाईल एवढ्या भेगा होत्या. अशा मातीवर उथळ पाया टाकला की दोन-तीन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा सुटतात. आमच्या गल्लीत अशी दोन घरं आहेत. इंजिनिअरनं आधी जेसीबीनं दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघितलं. एकीकडं साडेपाच फुटांवर मुरूम लागला, दुसरीकडं सातवर. ठेकेदार म्हणाला, "सगळीकडं साडेपाचच घेऊ की, काय होतंय?" इंजिनिअरनी ऐकलं नाही. सगळे खड्डे पक्का मुरूम लागेपर्यंत नेले, मग खोली सारखी नसली तरी चालेल. भिंतींवर उभं राहणारं बांधकाम स्वस्त पडतं का, असं बरेच जण विचारतात. चांगल्या मुरमाड जमिनीवर पडत असेल. काळ्या मातीत आम्ही आरसीसी फ्रेमच, म्हणजे कॉलम-बीमचा काँक्रीटचा सांगाडाच घेतला आणि जोत्याच्या पातळीवरच्या प्लिंथ बीमनं सगळे कॉलम खालून बांधून घेतले.

पहिला खरा वाद भरावावरून झाला. खड्ड्यातून निघालेली काळी माती समोर ढिगानं पडलेली, आणि ठेकेदाराला तीच जोत्यात ढकलायची होती. त्यात त्याचा मुरमाचा खर्च वाचत होता आणि माती उचलून न्यायचं भाडंही. जोत्यात काळी माती भरली की फरशी वर येते आणि खाली बसते, वर्षानुवर्षं. आम्ही सगळी माती बाहेर काढायला लावली, मुरूम आणला आणि नऊ-नऊ इंचांच्या थरांत पाणी मारून, धुमस करून (ठोकून) दाबून घेतला. हे दोन पानांत लिहिलेलं होतं, म्हणून आवाज चढला नाही. घर झाल्यावर भोवतीनं तीन फूट रुंद फरशीचा पट्टा बाहेर उतार देऊन घातला. पावसाचं पाणी पायाशी मुरू नये एवढाच त्याचा उद्देश. पायाजवळ झाड नको, म्हणून कडुलिंब लावायची आईची हौस मात्र कंपाउंडच्या कोपऱ्यावर भागवावी लागली.

सिमेंट आणि लोखंड आमचं, बाकी साहित्य आणि मजुरी ठेकेदाराची, असं ठरलं होतं. हे जमलं ते आबांमुळं. एसटीत आयुष्यभर वेबिल लिहिलेला माणूस. पोती किती आली, किती फुटली, कुठल्या कामाला किती गेली, सगळं वहीत. सिमेंटच्या पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते बघून तीन महिन्यांपेक्षा जुनी पोती त्यांनी परत पाठवली. लोखंडाचं गणित मी त्यांना शिकवलं. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ नं भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमीच्या १२ मीटर सळईचं साधारण १०.७ किलो, ८ मिमीचं ४.७ किलो. आबा सळया मोजत, गुणाकार करत आणि वजनकाट्याच्या पावतीशी ताडून बघत. दुकानदार पहिल्यांदा हसला. पुढच्या खेपेपासून सळया मोजूनच उतरवायला लागला.

काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी मी टेप घेऊन बसायचो. बघायच्या गोष्टी फार नसतात. पहिली, सळईखालचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई आणि साचा यांत अंतर ठेवणारे ठोकळे. पायाला ५० मिमी, कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २०. सेंटरिंगवाले (काँक्रीटचा साचा आणि टेकू लावणारे) खाली दगडाची खडी सारतात, ती चालत नाही. सळई पत्र्याला टेकली की पुढं तिथंच गंजते आणि स्लॅबचा पापुद्रा सुटतो. दुसरी, कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा. बीमजवळ, म्हणजे कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, त्या दाट हव्यात आणि रिंगेची टोकं काटकोनात सोडून न देता १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. भूकंपात कॉलम उघडतो तो इथंच. फिटर म्हणाला, "साहेब, असं वाकवायला दुप्पट टाईम जातंय ओ." जातो, खरं आहे. त्याला रिंगेमागं थोडे पैसे वाढवून दिले आणि विषय संपवला. आईनं एवढ्या वेळा किल्लारी काढली होती की इथं घासाघीस करायची मला हिंमतच नव्हती. तिसरी गोष्ट, सळयांचे जोड सगळे एकाच उंचीवर नकोत. हे सगळं मोबाईलवर फोटो काढून ठेवलं, प्रत्येक फोटोत टेप दिसेल असं. नंतर ड्रिल मारताना तेच फोटो उपयोगी पडले.

बोअरचं पाणी जिभेला खारट लागत होतं, म्हणून प्रयोगशाळेत तपासून घेतलं. सळईच्या काँक्रीटला पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. आमचं काठावर निघालं. मग काँक्रीटला टँकरचं गोडं पाणी आणि बोअरचं पाणी फक्त मुरूम दाबायला.

स्लॅबच्या दिवशी नारळ फुटतो, मिक्सर सुरू होतो आणि मग सगळं अंगावर येतं. त्या गडबडीत लक्ष एकाच माणसावर ठेवायचं, मिक्सरमध्ये पाणी ओतणाऱ्यावर. पातळ काँक्रीट पसरायला सोपं, म्हणून दुपारनंतर डबा जरा जास्तच वाकायला लागतो. आम्ही डब्याला रंगाची रेघ मारून दिली आणि आबांना खुर्ची टाकून तिथंच बसवलं. ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे १५ सेंटीमीटरचे क्यूब भरून घेतले. ठेकेदाराला तो अविश्वास वाटला, पण २८ दिवसांनी एम-२० या आमच्या काँक्रीटच्या प्रतीला हवी ती ताकद भरली तेव्हा तोच रिपोर्टची झेरॉक्स मागून घेऊन गेला, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. संध्याकाळी मजुरांना मटणाचं जेवण. हा खर्चही अंदाजपत्रकात धरा, टाळता येत नाही.

पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी लागतं. बार्शीचं ऊन बघून आम्ही स्लॅबवर आळी करून दोन आठवडे पाणी तुंबवलं आणि कॉलमना गोणपाट गुंडाळली. हॉलचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, १६ फुटांचा, म्हणजे साडेचार मीटरच्या वर, तेव्हा टेकू निदान १४ दिवस काढायचे नव्हते. इंजिनिअरनी तीन आठवडे ठेवले. सेंटरिंगवाल्याला पाट्या दुसऱ्या साईटवर न्यायच्या होत्या. तो रोज फोन करायचा आणि आबा रोज तेच उत्तर द्यायचे.

वीट की ब्लॉक, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. एएसी, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक हलके, काम वेगानं होतं. पण आमच्या गवंड्यांना त्याचा हात नव्हता, आणि न सरावलेल्या हातानं लावलेल्या ब्लॉकला हमखास भेगा पडतात. मी भट्टीची वीट घेतली. दोन विटा एकमेकींवर वाजवून खणखणीत आवाज येतो का बघितलं आणि काही विटा वजन करून दिवसभर पाण्यात बुडवून पुन्हा तोलल्या. वजन वीस टक्क्यांच्या वर वाढलं तर ती भट्टी नको. कॉलम आणि वीट जिथं भेटतात तिथं गिलाव्याआधी जाळी मारून घ्या. ठेकेदार ती विसरतातच.

गिलाव्याआधी विजेच्या पाइपांचे फोटो, फरशीआधी नळांची चाचणी. पंपानं दाब देऊन रात्रभर ठेवायचं आणि सकाळी काटा उतरला का बघायचं. बाथरूमच्या खोलगट भागात वॉटरप्रूफिंगनंतर तीन दिवस पाणी साठवलं. खालून ओल आली नाही, मगच फरशी.

वास्तूबद्दलही लोक विचारतात. आईला स्वयंपाकघर आग्नेयेला हवं होतं, ते सहज बसलं. पण जिना हलवा म्हणणाऱ्या पाहुण्यांचं आम्ही ऐकलं नाही. जिना हलवला असता तर पश्चिमेची खिडकी गेली असती, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा येतो तो तिथूनच.

बँकेचं कर्ज टप्प्याटप्प्यानं मिळतं, आणि आधी तुमचा हिस्सा खर्च झालेला दाखवावा लागतो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला जास्तीत जास्त ९० टक्के अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. हा कमाल आकडा, तेवढं मिळेलच असं नाही. बँकेचा माणूस पाहणी करून गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. म्हणून स्लॅबची तारीख ठरवताना मागच्या टप्प्याचे पैसे खात्यात आलेत का, हे आधी बघा. लोखंड उधारीवर घेतलं की भाव दुकानदाराचा.

जोते तपासणीचा दाखला वेळेवर घेतलेला होता, त्यामुळं भोगवटा प्रमाणपत्राला फार अडचण आली नाही. वास्तुशांत मेमध्ये झाली. ठेकेदाराचे पाच टक्के आम्ही पहिल्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवणार, हे त्या दोन पानांत होतंच. जुलैत जिन्याच्या टोपीपाशी, पाण्याचा पाइप वर येतो तिथं ओल दिसली. फोन केला, तो माणूस पाठवून कोबा उकरून परत करून गेला. सप्टेंबरच्या मोठ्या पावसात तिथं काही आलं नाही. दसऱ्याला आबांनी त्याचे राहिलेले पैसे दिले आणि वहीत त्याची सही घेतली.