खरखरही गेली

२० जानेवारी २००५. अंटार्क्टिकातल्या तळावर मी रेडिओ ऑपरेटर होतो. आमची घड्याळं जागतिक वेळेवर. सकाळी सातला, दीडशे किलोमीटरवर बर्फात गेलेल्या तुकडीशी स्केड, म्हणजे रेडिओवर बोलायची वेळ, ठरलेली. सेट लावला, हाका दिल्या. उत्तर नाही.

खटकली ती शांतता. शॉर्टवेव्हवर कुणी बोलत नसलं तरी खरखर असतेच. त्या दिवशी तीही जवळजवळ गेली होती. अँटेनाच तुटली असणार, असं धरून बाहेर पळालो. केबल, जोड, खांब, सगळं तपासलं. मीटरही सांगत होता, अँटेना ठणठणीत आहे. अर्धा तास फुकट गेला, बोटं बधिर झाली ती वेगळीच.

शेवटी शेजारच्या प्रयोगशाळेत शिरलो. तिथे रिओमीटर होता. आकाशगंगेकडून येणारी रेडिओ खरखर हे यंत्र रात्रंदिवस मोजत बसतं. त्याची रेघ पार खाली कोसळलेली. तिथले सर म्हणाले, "तुझी अँटेना सोड रे. आकाशगंगाच ऐकू येईना झालीय."

सूर्यावर एक्स ७.१ दर्जाचा, म्हणजे सगळ्यात जोरदार वर्गातला, भडका उडाला होता आणि पाठोपाठ काही मिनिटांतच प्रोटॉन येऊन थडकले होते. विषुववृत्ताकडे पृथ्वीचं चुंबकक्षेत्र त्यांना अडवतं. ध्रुवांपाशी मात्र क्षेत्ररेषा जवळपास उभ्या, त्यांच्या धारेने ते सरळ खाली उतरतात. आमचा संदेश जातो तो अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या, विद्युतभारित हवेच्या एफ थरावरून परतून. लांबचा असेल तर एकेका उडीत तीनेक हजार किलोमीटर. पण वाटेत ५० ते ९० किलोमीटरवरचा तसलाच डी थर जाताना आणि येताना, दोनदा ओलांडावा लागतो. प्रोटॉननी नेमका तोच दाट केला होता, लहर त्यातच विरत होती. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की शोषण साधारण चौथाईवर येतं, म्हणून वर सरकत गेलो. पण इतक्या जवळच्या तुकडीसाठी लहर जवळपास उभी सोडावी लागते. फार वर गेलात तर ती एफ थर भेदून अवकाशात पसार. दोन्हीकडून कोंडी. रात्री डी थर विरळ होतो म्हणावं, तर जानेवारीत तिथे रात्रच नाही.

दोन स्केड चुकल्या की तुकडीने जागीच थांबायचं आणि उपग्रह फोन चालू करायचा, असा नियम होता. संध्याकाळी तो वाजला.

"काय हो, तुमची अँटेना पडली का? आम्ही आमची चारदा उतरवून पाहिली!"