गॅदरिंग आणि एकोणपन्नास घुंगरू

आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन, म्हणजे आम्हा मुलींच्या भाषेत गॅदरिंग, दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस होत असे. दिवाळीची सुट्टी संपली, की मधल्या सुट्टीत दुसरा विषयच नसे. मी सदाशिव पेठेत कथक शिकत असल्याने वर्गाच्या नाचात मला गृहीतच धरलेले असे. पुण्यात कथक शिकणे ही काही नवलाई नव्हती. नृत्यांगना रोहिणी भाटे यांनी १९४७ साली येथे नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली, तेव्हापासून साध्यासुध्या घरांतील मुलींनाही ती वाट मोकळी झाली होती. वर्गाच्या बाईंना ठाऊक नव्हते ते एवढेच, की मला अजून घुंगरू बांधायलाच मिळाले नव्हते.

क्लासमध्ये शहाबादी फरशीवर अनवाणी तत्कार, म्हणजे बोलांवर पाय आपटण्याचा सराव, चाले. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ या आठ मात्रा दोनदा घेतल्या, की तीनतालाचे १६ मात्रांचे आवर्तन पुरे होई. मग तेच दुगुनीत, चौगुनीत, म्हणजे दुप्पट, चौपट वेगात, तळपाय लाल होईपर्यंत. घुंगरांच्या आवाजात पायाची चूक झाकली जाईल, अशी माझी समजूत होती. क्लासच्या आमच्या गुरू, ताई, म्हणत, ‘‘अगं, घुंगरू चूक झाकत नाहीत, चारचौघांत सांगतात.’’

अखेर चौथीत त्यांनी परवानगी दिली, एका पायात ५० घुंगरांची. आजोबांनी १०० सुटे पितळी घुंगरू आणले आणि ओसरीवर बसून ते सुती दोरीत ओवायला घेतले. प्रत्येक घुंगरामागे एक घट्ट गाठ हवी, नाहीतर ते एकमेकांवर चढतात आणि आवाज बसका येतो. भरतनाट्यमच्या मुलींचे चामडी पट्ट्यावरचे घुंगरू बक्कल लावले की तयार. आमच्या दोरीचे वेढे घोट्यापासून वर घट्ट घेत जायचे आणि टोक आत खोचायचे, हे मला फार दिवस अन्यायाचे वाटले. कंटाळून शेवटचे आठ-दहा घुंगरू मीच घाईघाईने ओवले.

त्या वर्षीचा रंगमंच नेहमीप्रमाणे शाळेच्या पटांगणात, बाके जोडून वर सतरंजी अंथरलेला. ड्रेपरीवाल्याकडून आणलेला अनारकली माझ्यापेक्षा मोठ्या मुलीच्या मापाचा होता. आईने तो आतून टाचण्यांनी आवळला होता. तिसऱ्या चक्करीला, म्हणजे गिरकीला, डाव्या पायाची माझी गाठ सुटली आणि आठ घुंगरू सतरंजीवर उधळले. एकावर माझी टाच पडली. कळ डोक्यात गेली, तरी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मी थांबले ती हात बरोबर ठेवून, आणि पहिल्या रांगेतील आजोबा मात्र खाली वाकून सतरंजीकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी बाके हलवताना सापडलेले घुंगरू कागदाच्या पुडीत बांधून वर्गात आणून दिले. मोजले तर सात. आजोबांनी दोरी पुन्हा ओवली, या वेळी शेवटच्या गाठी माझ्याकडून तीनदा सोडवून घेऊन. पुढे संमेलन टिळक स्मारक मंदिरात होऊ लागले, खरा रंगमंच, खरे पडदे, मेकअपला वेगळी खोली. पण आठवीत १०० घुंगरू बांधीपर्यंत माझ्या डाव्या पायात ४९च होते, आणि ताईंच्या ते कधी लक्षात आले नाही.